पोटाच्या जागी रत्नप्रभा

कल्पना करा, तुम्ही एका बुटक्या स्टुलावर बसला आहात. नाकासमोर हिरवा पडदा आणि पडद्याला लागून एक सागवानी खोकं. खोक्यात बाईच्या कमरेची हाडं पक्की बसवलेली आहेत, खरी हाडं. पलीकडच्या अंगाला चांभाराकडून शिवून घेतलेलं मऊ कातडं. तुमच्या मांडीवर कातड्याचंच एक बाळ आहे. त्याच्या पोटात कापूस, डोकं लाकडाचं. ते डोकं तुम्ही हाडांच्या कड्यात अलगद बसवायचं. मग पलीकडून कोणाची तरी बोटं येतील. कोणाची ते तुम्हाला दिसणार नाही. बोटं डोकं चाचपतील, टाळू शोधतील, बाळाचं तोंड कुठल्या अंगाला आहे ते ओळखू पाहतील. तुम्ही फक्त कळ द्यायची. म्हणजे मनात आकडे मोजत बाळ हळूहळू पुढे रेटायचं, चाळिसापर्यंत आलात की तिथंच धरायचं, मग सोडायचं. तीन मिनिटांनी पुन्हा. बोटं चुकली तर सांगायचं नाही, बरोबर आली तर शाबासकी द्यायची नाही. खोकला आला तर गिळायचा. असं दीड तास.

जमेल?

रत्नप्रभेला जमत होतं. छप्पन साल उजाडलं तेव्हा हे काम करायला लागून तिला सहा वर्षं झाली होती.

घाटकोपरला डोंगराच्या कुशीत, खाणीतल्याच दगडानं बांधलेलं एक दुमजली धर्मादाय सूतिकागृह होतं. तिथं चार-पाच निवासी डॉक्टर प्रसूतिशास्त्राच्या पदविकेसाठी राहून शिकत. त्यांना शिकवणारे डॉ. श्यामकांत धुरंधर विलायतेहून शिकून आलेले. दर शनिवारी तीन वाजता ते वरच्या हॉलमध्ये कॉन्फरन्स घेत. आठवड्यातल्या अवघड केसेस तिथं मांडायच्या, कुठं चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि मग खोक्यावर हात बसवायचा. असं खोकं सरांनी विलायतेत पाहिलं होतं. ते मागवणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी इथल्याच सुताराला आणि चांभाराला समोर बसवून ते करून घेतलं. बाळाच्या मानेत त्यांनी एक स्प्रिंगही घातली होती. डोकं नुसतं पिळलं आणि सोडलं, तर ते टपकन पूर्वीच्या जागी येई.

आधी मागं बसायचं काम डॉक्टर आळीपाळीनं करत. ते हसत, आतून बोटाला चिमटा काढत, उत्तरं कुजबुजत. सर वैतागले आणि त्यांनी आयांमधून रत्नप्रभेला निवडलं.

"हिचे हात थांबतात," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "बाई, एक लक्षात ठेवा. पडद्यामागं गेलात की तुम्ही रत्नप्रभा नाही. तुम्ही बाळ. आणि बाळाला कोणाच्या परीक्षेची दया नसते."

रत्नप्रभेनं मान डोलावली. सरांचं अर्धंच बरोबर होतं, हे तिला पुढं महिन्याभरात कळलं. बाळ कातड्याचं होतंच. खोक्याला नव्हतं ते पोट. हाडांच्या मागं सगळं उघडं होतं, आणि त्या उघड्या जागी रत्नप्रभा होती. कळ तिची, बाळाचं वजन तिच्या मनगटात, बाळ धरून ठेवणारं पोट म्हणजे तिचे दोन तळवे.

ती स्वतः कधी पोटुशी राहिली नव्हती.

कणकवलीकडच्या गावातून लग्न होऊन ती इकडे आली. नवरा, धोंडू, गिरणीत होता. नऊ वर्षं वाट बघून तो गावी परतला, दुसरं लग्न केलं आणि तिकडेच राहिला. भांडण झालं नाही. तो म्हणाला, "तू पण चल." ती म्हणाली, "माका नाय येवचा." एवढंच. पारशीवाडीतली खोली तिच्याकडे राहिली. सूतिकागृहात दिवसभर पन्नास माणसं तिला हाका मारत. रत्ना भांडं आण, रत्ना चादर बदल, रत्ना कुठं मेलीस. पण हाक मारायला अंगाला हात लावावा लागत नाही. शनिवारच्या शनिवार कोणाची तरी बोटं तिच्याकडे येत. मध्ये लाकडाचं डोकं असे, तरी येत. आणि काहीतरी शोधत येत.

ती बोटांवरून माणूस ओळखायची. घाईची बोटं, घाबरट बोटं, आत येऊन विसरून जाणारी बोटं. दोन वर्षांमागं डॉ. चंद्रप्रकाश नावाचा एक मुलगा होता. त्याची बोटं बर्फासारखी, लाकडातूनही थरथर लागायची. बाळाचं तोंड वर असेल तर मूल अडतं, तेव्हा हातानं डोकं फिरवून तोंड खाली आणायचं, हा त्या दिवशीचा धडा होता. सर घसा फोडून सांगायचे, "उजवा हात आत, डोक्यावर. डावा बाहेर, पोटावर. डाव्यानं बाळाचा खांदा ढकला. नुसतं डोकं फिरवाल तर धड मागंच राहील, आणि हात काढलात की डोकं परत!" मुलं वहीत उतरवून घेत. पण खोक्याला पोटच नव्हतं, मग डावा हात ठेवायचा कुठं? मुलं तो हवेत धरायची. सर म्हणायचे, "समजा, इथं पोट आहे."

चंद्रप्रकाशच्या हातून बाळाचं डोकं तीनदा परत फिरलं. सर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही डोळ्यांची पदविका का घेत नाही?" हॉल हसला. चौथ्या खेपेला बोटांची थरथर रत्नप्रभेच्या कोपरापर्यंत आली, आणि तिनं तळव्यातलं धड जरासं, अगदी पाव इंच, डोक्याच्या मागोमाग वळवलं. डोकं राहिलं.

"शाब्बास," सर म्हणाले. पलीकडून त्या मुलानं सोडलेला श्वास पडद्याला लागला.

असं ते सुरू झालं. एकदा दया केली की दुसऱ्याला का नाही, असं होतं माणसाचं. तिनं कोणाला सांगितलं नाही, कोणाला कळलंही नाही. सर म्हणू लागले, ही बॅच बरी आहे.

पंचावन्नच्या पावसाळ्यात डॉ. जयंती राजाध्यक्ष आली. मुलुंडची, वडील पोस्टात. घरी एकच बोलणं चाललेलं: हे वर्ष पुरं कर, सरांचं सर्टिफिकेट आण, नाहीतर आम्ही बघितलेल्या स्थळाला हो म्हण. जयंतीला खोक्याचं वेड लागलं. शनिवारवर तिचं भागेना. दुपारी दोन ते तीन वॉर्ड निजलेला असायचा, तेव्हा ती वर येई.

"रत्नाबाई, आहात ना?"

"आहे हो. जाणार कुठं?"

"तोंड वर करून द्या आज. आणि घट्ट द्या हां."

"तुम्ही ओळखायचं. मी सांगायचं नसतं."

"अहो, मीच तर सांगितलं वर द्या म्हणून!"

"मग मी खालीच देते."

जयंती पलीकडे हसे. तिची बोटं निराळी होती. आत आली की आधी क्षणभर नुसती टेकून राहायची, कोणी दार वाजवून उंबऱ्यावर थांबावं तशी. मग काम. काम करता करता ती बोलायची. मेसमधल्या आमटीबद्दल, आईबद्दल, स्थळातल्या मुलाच्या मिशांबद्दल. पडद्याशी बोलल्यासारखं बोलायची, म्हणून सगळं बोलायची. रत्नप्रभा हं हं करायची, आणि जयंतीची बोटं डोक्यावर फिरायला लागली की धड मागोमाग वळवायची. आता ते ठरवावंही लागत नव्हतं. बोटं जरा थांबत, की तिचे तळवे वळत. बोटं थांबत, तळवे वळत. वीसदा, तीसदा. "बघा, किती सोपं आहे," जयंती म्हणे, "सर उगाच बाऊ करतात."

एका रविवारी स्टेशनासमोरच्या भाजीबाजारात मेथीच्या ढिगाशी जयंती समोर आली. रत्नप्रभा ओळखीचं हसली. जयंतीनं तिच्याकडे पाहिलं, बाजूला सरकून वाट दिली आणि पुढं गेली. राग नव्हता त्यात. तिनं रत्नप्रभेला वॉर्डात शंभरदा पाहिलं असेल, पण 'रत्नाबाई' म्हणजे तिच्यासाठी पडद्यामागचा आवाज होता. त्या दिवशी रत्नप्रभेनं मेथी घेतली नाही. एकटीला किती लागते?

छप्पनच्या आषाढातल्या एका सोमवारी दुपारी माणिक नावाची बाई टेबलावर होती. विक्रोळीची, पहिलटकरीण, वीस वर्षांची. दोन तास होऊन गेले तरी मूल सरकेना. सर कामाला शहरात गेले होते. जयंतीनं तपासलं आणि ती सिस्टर नलिनीला म्हणाली, "तोंड वर आहे. मी फिरवते." तिच्या आवाजात भीती नव्हती. हे तिनं कितीतरी वेळा केलं होतं.

रत्नप्रभा गरम पाण्याची परात घेऊन दाराशी उभी होती. माणिकच्या नाकावर गुंगीच्या औषधाची जाळी होती. जयंतीचा उजवा हात आत गेला. डोकं फिरलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग ती थांबली. मग चेहरा बदलला. डोकं परत गेलं होतं.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

रत्नप्रभा जयंतीच्या उजव्या हाताकडे बघतच नव्हती. ती डाव्याकडे बघत होती. डावा हात टेबलाच्या कडेवर पडला होता. नुसता. जणू तो हात दुसऱ्या कोणाचा, आणि सांभाळायला तिथं ठेवलेला. समोर माणिकचं पोट होतं, खरं, घामानं चकाकणारं, आणि त्यावर कोणाचाच हात नव्हता. परात धरलेल्या रत्नप्रभेचे तळवे आपोआप वळले. पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"डोळे फुटले काय गो?" सिस्टर नलिनी ओरडली.

शेवटी जयंतीनं मूल ओढून काढायचा चिमटा लावला. मूल आलं. मुलगा होता, भरल्या अंगाचा, आणि तो रडला नाही. जयंतीनं त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पायांना धरून उलटा केला. घड्याळात वीस मिनिटं झाल्यावर सिस्टर नलिनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बुधवारी माणिकला दूध आलं. रत्नप्रभा तिच्या छातीला जुन्या पातळाची पट्टी घट्ट बांधत होती. माणिक छताकडे बघत होती.

"मावशी," ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत ना? काल माझ्यापाशी बसून रडल्या."

"चांगल्या आहेत."

"मग पुढच्या टायमाला त्यांच्याकडेच येईन मी. आमच्या वस्तीतल्या बायकांना पण सांगेन. एवढा जीव कोण लावतं?"

रत्नप्रभेच्या हातातली गाठ सुटली. तिनं ती पुन्हा मारली.

दुपारी कपड्यांच्या खोलीत तिनं सिस्टर नलिनीला सगळं सांगितलं. नलिनी मालवणची. गावाकडची म्हणून दोघी एकमेकींशी सरळ बोलायच्या.

"म्हणजे तू आतून फिरवायचीस?" नलिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. "किती वर्सां?"

"दोन."

"देवा रे! आणि सगळे पास!"

"सरांका सांगू?"

"खुळी काय तू? त्यांनी शिकवलेला नाय? 'डावो हात पोटार', माका पाठ झाला ऐकान ऐकान. शिकलेल्या माणसान चूक केली, तुका कोण इचारता? गप ऱ्हव. सांगलंस तर त्या पोरीचा एक वर्स फुकट आणि तुझा ता स्टूल गेला. मगे काय करशीत?"

रत्नप्रभेनं तिच्या हातातली अर्धी घडी घेऊन पुरी केली. शनिवारशिवाय रत्नप्रभेकडे काही नाही, हे नलिनीलाही माहीत होतं, म्हणून तिनं विचारलं.

शनिवारी ढगांनी अंधारून आलं होतं म्हणून हॉलमध्ये दिवे लावले. रत्नप्रभा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन स्टुलावर बसली, साबणाच्या पाण्यानं बाळ ओलं केलं. पडद्यातून तिला माणसं दिसत नसत, पण खुर्च्या कळत. आज खुर्च्या जास्त होत्या. दुसऱ्या सूतिकागृहांतले डॉक्टरही आले होते.

जयंतीनं केस वाचली. "बाई, वय वीस, पहिली खेप." माणिकचं नाव घ्यायचं नसतं. आवाज सरळ होता, 'मूल मृत जन्मले' इथं आल्यावर तेवढा एकदा अडकला.

"किती वेळा प्रयत्न केलात?" सरांनी विचारलं.

"तीनदा."

"आणि तिन्ही वेळा डोकं परत आलं."

"हो सर."

"डावा हात कुठं होता?"

पलीकडे केसचा कागद चुरगळला.

"डॉक्टर राजाध्यक्ष, मी मराठीत विचारतोय. डावा हात कुठं होता?"

"सर..." जयंती म्हणाली, "मॉडेलवर कधी त्याची गरजच पडली नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "असं? मग दाखवा. तशीच केस आहे असं समजा. बाई, तोंड वर करून द्या."

रत्नप्रभेनं डोकं हाडांच्या कड्यात बसवलं. तिला कळलं, की आता आपण जे करू तेच होणार आहे. तिनं धड वळवलं तर डोकं फिरेल, राहील, सर चकित होतील. म्हणतील, येतं तर हिला, मग त्या दिवशी हलगर्जी केली. किंवा म्हणतील, नशीब वाईट. कदाचित सर्टिफिकेट मिळेलही. मुलुंडला पाटी लागेल, आणि विक्रोळीच्या वस्तीतल्या बायका तिच्या दारात रांग लावतील. प्रत्येकीच्या पोटावर न जाता तो डावा हात तसाच बाजूला पडलेला असेल. आणि नाही वळवलं, तर या पन्नास माणसांसमोर त्या पोरीची काय शोभा होईल ते रत्नप्रभेला चंद्रप्रकाशपासून माहीत होतं.

बोटं आली. आली आणि नेहमीसारखी क्षणभर टेकून राहिली.

रत्नप्रभेनं कळ दिली. एक, दोन, तीन. बोटांनी डोकं धरलं, फिरवलं. सुरेख फिरवलं, त्यात काही खोट नव्हती. आणि मग बोटं थांबली.

वाट बघत थांबली.

हे थांबणं रत्नप्रभेला इतकं पाठ होतं, की तळवे वळायला निघालेसुद्धा. तिनं दोन्ही कोपरं मांड्यांत घट्ट रोवली. बाळ जड केलं. माणिकच्या बाळाइतकं जड. तीस, एकतीस, बत्तीस. बोटं थांबलेलीच होती. मग त्यांनी डोक्यावर एकदा हळूच दाब दिला. आपण कोणाला कोपरानं ढोसतो ना, अगं, लक्ष कुठंय, असा. रत्नप्रभा हलली नाही.

बोटं निघाली. डोकं टपकन परत गेलं. स्प्रिंगचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा तेच झालं. यावेळी मागं कोणी हसलं नाही.

"डॉक्टर राजाध्यक्ष," सर म्हणाले, "वर्षभर तुम्ही इथं काय..."

पडदा बाजूला झाला. साबणाच्या पाण्यानं निथळणारे हात पुढं धरून रत्नप्रभा उभी होती. समोर इतके चेहरे एकदम बघायची तिला सवय नव्हती. ती सरांच्या बुटांकडे बघत बोलली.

"सर, आजवर मी फिरवत होते. धड. आतून. त्यांच्या डोक्यामागोमाग. दोन वर्षं. सगळ्यांचंच."

"सगळ्यांचंच?"

"हो, सगळ्यांचंच. त्यांना कोणाला माहीत नाही. आज नाही फिरवलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रत्नप्रभा त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होती. ते ओरडले नाहीत. खोक्याला वळसा घालून ते पडद्यामागं आले, रिकाम्या स्टुलाकडे आणि हाडांमागच्या उघड्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

"याला पोट द्यायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "इतकी वर्षं मी 'समजा' म्हणत आलो." मग घसा साफ करून मोठ्यानं, "कॉन्फरन्स संपली. दोन वर्षांत इथून गेलेल्या सगळ्यांची नावं आणि पत्ते मला सोमवारी हवेत."

रत्नप्रभेनं जयंतीकडे पाहिलं. पहिल्यांदाच इतक्या जवळून. जयंतीही तिच्याकडे बघत होती, आणि ते ओळखीचं बघणं होतं. ते रागाचं होतं की दुसरं काही, हे रत्नप्रभेला वाचता येईना. बोटं असती तर आलं असतं.

पुढचं सगळं भराभर झालं. जयंतीला काढलं नाही; सहा महिने वाढवून दिले. घरचं स्थळ तेवढ्यात हातचं गेलं, ते तिला बरंच वाटलं म्हणे. सरांनी अकरा पत्रं लिहिली, सगळ्यांना एकेक शनिवार परत बोलावलं. कोणी आले, कोणी आले नाहीत. चंद्रप्रकाशचं उत्तर आलं, की तो आता डोळ्यांचं शिकतोय. खोक्याला जाड कातड्याचं पोट शिवून आलं, आत वाळूची पिशवी, बाळाला टांगून धरणारे पट्टे. वरून डाव्या हातानं ढकललं तरच धड वळे, नाहीतर देवाच्यानंही वळत नव्हतं. पडद्याची गरज उरली नाही. तो धुऊन कपड्यांच्या खोलीत गेला.

रत्नप्रभाही तिथंच गेली. शिक्षा म्हणून नाही. कोणी शिक्षा म्हटलं नाही. सर एकदा जिन्यात म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत." ती "हो" म्हणाली. दिवसाला दीडशे चादरी मोजायच्या, फाटक्या निवडायच्या, घड्या घालायच्या. शनिवारी तीन वाजता वरच्या हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज येई. ती घडी घालत राही. रात्री खोलीवर जाऊन एकटीचा भात टाकताना तिच्या लक्षात येई, की दिवसभर आपण कोणाशी काही बोललो नाही, आणि आपल्याकडे काही शोधत कोणी आलं नाही.

दुपारी दोन ते तीन जयंती वर एकटीच सराव करायची. पायऱ्यांवर तिची चप्पल वाजे. कपड्यांच्या खोलीवरून ती जाई, येई. कधी थांबली नाही.

सहा महिन्यांनी, तिच्या शेवटच्या दिवशी, थांबली. हातात ट्रंक होती.

"रत्नाबाई, येते मी."

"मुलुंडलाच ना?"

"हो. घराखालीच दवाखाना काढतेय." ती ट्रंक या हातातून त्या हातात घेत राहिली. "मागच्या आठवड्यात एक तशीच आली होती. तोंड वर. फिरवलं. मुलगी झाली."

"डावा हात?"

"पोटावर," जयंती म्हणाली, आणि दोघी थोड्या हसल्या. मग हसू संपलं. जयंतीनं ट्रंक खाली ठेवली, पुढं होऊन रत्नप्रभेचा हात हातात घेतला. मध्ये काही नव्हतं, लाकूड नाही, कातडं नाही. तीच बोटं. आली आणि क्षणभर नुसती टेकून राहिली.

विचारायचं तर आत्ताच, रत्नप्रभेला वाटलं. सहा महिने ती प्रत्येक चादरीच्या घडीबरोबर एक प्रश्न घडी घालून ठेवत आली होती. पण खाली टांगेवाल्यानं हाक मारली, जयंती "येते हां" म्हणाली, ट्रंक उचलली आणि उतरून गेली. चपलेचा आवाज पायऱ्यांवरून अंगणात गेला आणि मग नाहीसा झाला.

त्याला आता काही वर्षं झाली. रत्नप्रभा अजून चादरी मोजते. मुलुंड काही लांब नाही, रविवारी जाऊन येता येईल, असं ती दर रविवारी म्हणते. गेली तर एवढंच विचारायचं आहे, दुसरं काही नाही: बाई, त्या सोमवारी माणिकच्या पोटात तुमचा हात होता, डोकं फिरलं होतं, आणि तीनदा तुम्ही थांबलात. मी दारात होते, मी पाहिलं. त्या थांबण्यात तुम्ही माझी वाट बघत होता का?